गुरुवारची हजेरी

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकटे,

शाळेच्या मागच्या बाजूला हात धुवायची ती लांब सिमेंटची मोरी तुला आठवते? सात नळ होते आणि तिसऱ्याला कधी पाणी नसायचं. प्रार्थना संपली की सगळ्या मुली वर्गात जायच्या आणि तू तिथेच रेंगाळायचीस, मुंग्यांना ओल्यातून पलीकडे जाता यावं म्हणून काडीचा पूल करत. टायफॉइडमुळे माझं वर्ष गेलं होतं, म्हणून आपण दोघी एकाच वर्गात. मदर हजेरी घेऊ लागल्या की माझ्या नावाला मी जाड आवाजात 'प्रेझेंट, मदर' म्हणायचे आणि तुझ्या नावाला बारीक आवाजात. तीन महिने चाललं ते. मग एकदा मदरांनी मान वर केली, तर तू ओल्या हातांनी दारात. त्यांनी विचारलं, "तू आत्ता वर्गात होतीस का?" तू म्हणालीस, "नाही, मदर." दोघींनाही व्हरांड्यात गुडघ्यांवर बसवलं. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. 'हो' म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

तीन वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात शाळेपासून करायची, म्हणजे ताई म्हातारी झाली, असं म्हणशील. झालेच आहे.

खोली अजून तिथेच आहे, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर. जिना तसाच करकरतो. दाराच्या आतल्या बाजूला तू लावलेला नियमांचा कागद पिवळा पडलाय, पण अक्षर वाचता येतं. 'एका मुलाला एक सोबती. सोमवार आणि गुरुवार, साडेपाच ते साडेसात. रजिस्टर दर महिन्याला बालन्यायालयात. तीन गैरहजेऱ्या झाल्या की कळवायचं. न आलेल्या दिवसाचं खरं कारण सात दिवसांत आणलं, तर ती गैरहजेरी धरायची नाही.' शेवटचा नियम मंजूर करून घ्यायला तू कोर्टाच्या किती पायऱ्या झिजवल्यास ते मी पाहिलंय.

आता सोबती म्हणून दोघंच उरलोत, मी आणि ड्रायव्हरकाका. मुलं सहा. काका बस चालवायचे तेव्हासारखेच अजून सगळ्यांना "पुढे सरका, पुढे सरका" करत असतात. माझ्याकडे एक मुलगी आहे, सोळा वर्षांची. तिला सगळे शिट्टी म्हणतात. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की खालचा मेकॅनिक मशीन थांबवून वर बघतो. तिच्या थोरल्या भावाची टोळी दुकानं फोडायची आणि ही कोपऱ्यावर उभी राहून कोणी आलं की शिट्टी वाजवायची. त्यावरून पकडली गेली. सुधारगृहाऐवजी आपल्याकडे पाठवली, दीड वर्षासाठी. त्यातले अकरा महिने झाले होते.

पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं की ती कागद नाकाला लावून वाचते. तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवले, हे तरी कळणारच. नंबर काढून घेतला, चष्मा करून दिला. घातल्यावर खिडकीशी गेली, चष्मा काढून पाहिलं, परत घालून पाहिलं. मग म्हणाली, "बाई, समोरच्या भिंतीला विटा आहेत. मला वाटायचं नुसता रंग आहे."

गेल्या महिन्यात, तेवीस जानेवारीच्या गुरुवारी संध्याकाळी, बाजारातलं एक हार्डवेअरचं दुकान फोडलं. तिथल्या रखवालदाराच्या डोक्याला मार लागला. कोणीतरी सांगितलं की शिट्टी ऐकू आली. शुक्रवारी सकाळी पोलिसांनी आमच्या पोरीला घरातून उचललं. तेव्हापासून ती निरीक्षणगृहात आहे. इन्स्पेक्टर रजिस्टर बघायला आले होते. त्यात जे लिहिलं होतं ते मी सांगितलं.

तू असतीस तर बरं झालं असतं, एवढंच.

तुझी
ताई

१० फेब्रुवारी, सोमवार

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. नसणारच, इतक्यात. पण मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला आठ दिवस झोपू देत नाही. 'जे लिहिलं होतं ते सांगितलं.' असं वाक्य लिहायला आपल्याला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. ते मी माझं मी शिकले.

शिट्टी त्या गुरुवारी खोलीत नव्हती.

साडेपाच वाजले, सहा वाजले. तिच्या आधीच दोन गैरहजेऱ्या झालेल्या, दोन्ही आईच्या आजारपणातल्या आणि दोन्हींचं कारण तिने आणलं नव्हतं. "माझ्या आईचं दुखणं मी कोर्टाला कशाला दाखवू" म्हणाली होती. आता ही तिसरी. सात वाजता काकांनी आपल्या मुलांना घरी सोडलं आणि जाता जाता म्हणाले, "तुमची गाडी आज डेपोतच राहिली वाटतं." मी म्हटलं, येईल. साडेसातला मी रजिस्टर ओढलं. तुला ठाऊक आहे, पेन हातात घेतलं की मला तो रिकामा चौकोन बघवत नाही. त्या चौकोनात मूल दिसतं मला. मी लिहिलं 'हजर'. वेळ साडेपाच ते साडेसात. खाली माझी सही. वाटलं, सोमवारी आली की कान उपटीन, आमच्या दोघींत मिटवीन.

शुक्रवारी तिला पकडल्यावर इन्स्पेक्टरने विचारलं, "काल संध्याकाळी कुठे होतीस?" आणि तिने खरं सांगितलं. मी ज्या चष्म्यांच्या दुकानात नोकरी केली, त्याच्या मागच्या कारखान्यात होती असं म्हणाली, जिथे काचा घासतात. तिथल्या कारागीरकाकांकडे. ते गुरुवारीच मोकळे असतात, त्या दिवशी दुकान अर्धा दिवस असतं. ती तिथे काच घासायला शिकत होती.

मग इन्स्पेक्टर आमच्याकडे आले. रजिस्टर उघडलं आणि मला विचारलं, "बाई, ही मुलगी काल इथे होती?" त्यांनी मला तिचा जबाब सांगितला नव्हता. मला वाटलं, मी हिला वाचवते आहे. मी म्हटलं, "होती."

इन्स्पेक्टरने रजिस्टर मिटलं. सभ्य होता बिचारा. म्हणाला, "मग ती खोटं का सांगते आहे?"

हे वाचून तू मान हलवशील. तशी तू हलवायचीस तेव्हा तुझ्या डाव्या कानातलं हलायचं, उजव्यातलं नाही.

ताई

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

आज कारखान्यात गेले होते. कारागीरकाकांनी मला ओळखलं, पण मी नोकरी सोडून पाच वर्षं झाली, हे त्यांना आठवेना. "आज उशीर केलात," म्हणाले. सत्त्याहत्तरीचे आहेत. हात मात्र अजून तसेच, काच धरली की कापत नाहीत, सोडली की कापतात.

शिट्टीचं नाव काढलं तर त्यांचा चेहरा उजळला. "ती चष्मेवाली पोरगी? सहा-सात गुरुवार आली. दुपारी यायची, पाचला पळायची. म्हणायची, बाई वाट बघतात. एकदाच थांबली शेवटपर्यंत."

"कधी?"

"परवाच्या गुरुवारी."

"काका, ती महिनाभर कोठडीत आहे."

"मग त्याच्या आधीच्या," ते म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे विचारवेना.

त्या दिवशी ती का थांबली, तेही त्यांनी सांगितलं. एक काच पुरी करायची होती. माझ्या नंबरची. माझ्या चष्म्याच्या उजव्या काचेवर चरा आहे, तुझ्या डोळ्यांदेखत पडलेला, तो मी अजून बदललेला नाही. शिट्टी मला नेहमी टोचायची, "दुसऱ्याला नव्या काचा आणि स्वतःच्या डोळ्यासमोर रेघ. बाई, तुम्हाला जग अर्धं कापलेलं दिसत असेल." तिने माझा नंबर कधी बघून ठेवला कोण जाणे. काच एका कडेला उडाली आहे. शिकाऊ हात कडेला जास्त दाबतो, सगळ्यांचं तेच होतं. काकांनी ती मला दिली. कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आहे.

आणखी एक आहे. सगळ्यात वाईट तेच. तिने निघताना काकांकडून चिठ्ठी लिहून घेतली होती. तुझा नियम तिला पाठ होता, सात दिवसांत कारण आणायचं. आईच्या दुखण्याची चिठ्ठी तिने आणली नाही, पण ही आणणार होती, कारण हिच्यात दाखवण्यासारखं काहीतरी होतं. चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलेली चिठ्ठी पोलिसांना मिळाली. तिच्यात लिहिलंय, 'आज ही मुलगी साडेसातपर्यंत माझ्याकडे काम शिकत होती.' काकांनी तारीख घातलेली नाही. 'आज' एवढंच.

तारीख नसती तरी चाललं असतं, धाकटे. रजिस्टरमध्ये त्या दिवशी 'गैरहजर' असतं, तर ही चिठ्ठी त्या रिकाम्या चौकोनात बरोब्बर बसली असती. सोमवारी मी ती चिकटवली असती, खाली सही केली असती आणि कोर्टाने मानली असती, आजवर मानत आले तसं. पण ज्या दिवशी ती आलेलीच आहे, त्या दिवशीच्या न येण्याचं कारण कोण ऐकणार?

घरी येताना काकांना, म्हणजे आपल्या ड्रायव्हरकाकांना, सगळं सांगितलं. खोलीच्या जिन्यातच. ते खालच्या पायरीवर बसले.

"कोर्टात सांगणार?"

"सांगायला हवं."

"सांगितलंत की ते विचारतील, आणखी किती वेळा. मग?"

मी पर्समधली काच चाचपली.

"माझ्या पोरांच्या हजेरीवर पण तुम्हीच सही करता, बाई," ते म्हणाले. ओरडले असते तर सोसलं असतं. "एका प्रवाशाचं तिकीट चुकलं म्हणून अख्खी बस रस्त्यात उतरवणार ते."

मी काय करायला हवं, हे मला माहीत आहे. तुला विचारत नाही. फक्त सांगायला दुसरं कोणी नाही.

ताई

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय धाकटे,

काल सांगितलं.

बालन्यायालय म्हणजे तीच खोली, लांब टेबल, वर न फिरणारा पंखा. न्यायाधीश बाई नव्या आहेत, वयाने आपल्या भाचीएवढ्या. शिट्टी समोर बसली होती, चष्मा नव्हता. पकडताना झटापटीत फुटला म्हणे. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती. मी कोण आहे हे तिला आवाजावरून कळलं असावं, कारण मी बोलायला लागल्यावर तिने बघणं थांबवलं.

मी म्हटलं, "तेवीस तारखेची हजेरी खोटी आहे. मी लिहिली. पोलिसांनाही मी खोटं सांगितलं."

"का?"

मला इतकी वर्षं वाटत होतं की या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. तिथे उभं राहिल्यावर फक्त एवढंच निघालं, "रिकामी जागा बघवली नाही."

बाईंनी लिहून घेतलं. मग ड्रायव्हरकाकांनी सांगितलं होतं तेच विचारलं. "याआधी किती वेळा?"

"चौदा."

"आठवून सांगता की अंदाजाने?"

"आठवून."

मग मी एकेक सांगत गेले. ताप आलेल्या मुलीचा. बापाने कोंडून ठेवलेल्या मुलाचा. दोन वेळा काकांच्या मुलांचे, काकांना न विचारता. बाई लिहीत होत्या. सातव्या-आठव्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं ऐकलं. मला वाटलं, थोडी दया आली असेल. नव्हती आली. त्या म्हणाल्या, "म्हणजे या रजिस्टरमधला कुठला 'हजर' खरा, हे आता तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. आणि तुमच्यावर मी विश्वास ठेवू शकत नाही."

कारागीरकाकांनाही बोलावलं होतं. त्यांनी शिट्टीला ओळखलं, तिच्या हाताचं कौतुक केलं आणि ती कोणत्या गुरुवारी साडेसातपर्यंत थांबली, या प्रश्नावर म्हणाले, "आजच्या." गुरुवारच होता कालचा दिवस. सगळे हसले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं.

हार्डवेअरचं दुकान तिच्यावर शाबीत झालं नाही. रखवालदाराने कोणालाच ओळखलं नाही. पण तिसरी गैरहजेरी शाबीत झाली. ती मीच शाबीत केली. आणि सात दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. अटी मोडल्या म्हणून अठरा वर्षांची होईपर्यंत सुधारगृह. एक वर्ष दहा महिने. तिथे टोळ्यांतल्याच मुली असतात. तू आणि मी ही खोली काढली ती याचसाठी, की तिथे गेलेली मुलगी परत येते तेव्हा कोपऱ्यावर उभी राहणारी राहत नाही, आत शिरणारी होते.

बाहेर नेताना व्हरांड्यात ती माझ्याजवळून गेली. पोलीस बाईने क्षणभर थांबू दिलं. मी म्हटलं, "चुकले गं."

ती म्हणाली, "बाई, आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांना खरं सांगितलं होतं. तुम्ही शिकवलंत म्हणून."

रागाने नाही म्हणाली. बसची वेळ सांगावी तशी म्हणाली.

एका वर्षाचं सगळं रजिस्टर बाद झालं आहे. आपल्याकडची बाकीची पाच मुलं काढून घेतली. दोघांना दुसऱ्या संस्थेने घेतलं, तिघं आत गेली. त्यातला एक नऊ दिवसांनी सुटणार होता. ड्रायव्हरकाका त्याच्या आईला सांगायला गेले. मला बरोबर येऊ दिलं नाही.

मुलींचं सुधारगृह एकच आहे. ते तुझ्या शहरात आहे.

ताई

९ मार्च, रविवार

प्रिय धाकटे,

मी तुझ्या शहरात आले होते.

दोन दिवसांचा प्रवास झाला. मांडीवर शिट्टीसाठी केलेला नवा चष्मा, जुन्याच नंबराचा. फाटकावर अधीक्षिका बाई स्वतः आल्या, थकलेल्या, भल्या दिसत होत्या. भेटायला परवानगी असलेल्यांची यादी काढली. आपल्या खोलीच्या नावापुढे दोन सोबत्यांवर काट मारलेली, माझ्यावर आणि काकांवर. काकांचा काय दोष, मी विचारलं. "संस्थाच गेली ना," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, निदान चष्मा तरी घ्या, मुलीला चार हातांपलीकडचं दिसत नाही. म्हणाल्या, "आम्ही डॉक्टरांना दाखवतो. नंबर लागतो." केव्हा लागतो, तर सहा महिन्यांनी. मग यादीकडे परत पाहून म्हणाल्या, "तुमच्यातलं एक नाव आहे अजून. तीन वर्षांपूर्वी राजीनामा दिला, पण राजीनाम्याला शिक्षा नसते. ते नाव चालेल."

तुझं.

तिथून मी तुझ्या गल्लीत आले. पत्ता विचारावा लागला नाही, इतक्या पाकिटांवर लिहिला आहे. समोरच्या शिंप्याच्या पायरीशी उभी राहिले. तू गॅलरीत आलीस, दोरीवरची चादर काढलीस, दोन टोकं दाताखाली धरून घडी घातलीस, आई घालायची तशी. तुझे केस पार पांढरे झालेत. मी हाक मारली नाही. शिंपी म्हणाला, "कोणाकडे जायचंय?" मी म्हटलं, "चुकून आले."

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू असतीस तर बरं झालं असतं. जणू काही तू आपल्या मनाने गेलीस. आपल्या दोघींनाच ठाऊक आहे ते मी आता कागदावर लिहिते, म्हणजे मला ते परत गिळता येणार नाही.

त्या मुलाची, बटणची, खोटी हजेरी मी लिहिली होती. तू ती पकडलीस, तिच्यावर लाल रेघ ओढलीस आणि महिन्याअखेर तशीच कोर्टात पाठवलीस. त्याला सहा महिने सुधारगृह झालं. तू म्हणालीस, "ताई, हे रजिस्टर आपलं नाही. ही मुलं खरी बोलतात असं सांगणारा एवढा एकच कागद जगात आहे. त्यात एक खोटं घातलंस तर सगळ्यांचं खरं जातं." आणि मी म्हटलं, "ज्यांच्या घरात लेकरू रांगलं नाही, त्यांचा हात रेघ ओढताना थरथरत नाही."

तुझं बाळ अकरा दिवस जगलं. त्याला शेवटचं मीच पुसलं होतं आणि गुंडाळलं होतं. रांगलं नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच तो शब्द मला सापडला.

 टेबलावरचा माझा चष्मा खाली पडला होता, तो उचलून पुसून माझ्या हातात दिलास. चरा तेव्हाच पडलेला. पंधरा दिवसांत तुझं सामान गेलं.

बटण सुटून आला तेव्हापासून बेकरीची गाडी ओढतो. मला ओळख देत नाही. एकदाच थांबून विचारलं होतं, "त्या दुसऱ्या बाई कुठे असतात?" मी सांगितलं नाही. मत्सर वाटला, आणखी काय.

ताई

२३ मार्च, रविवार

प्रिय धाकटे,

महिनाअखेर खोली सोडायची आहे. मेकॅनिकला ती मशीनचे सुटे भाग ठेवायला हवी आहे. तो म्हणाला, "बाई, घाई नाही," पण दोन खोकी आणून जिन्यात ठेवली आहेत.

या पत्राबरोबर पार्सल येईल. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून पाठवायचं थांबले असते, पण मग माझं पाचही वेळचं लिहिणं नुसतं स्वतःचं मन हलकं करणं झालं असतं. तसं ते झालंच आहे, तरीही.

कोणाला काय जायचं ते लिहिते.

दोन बाकं आणि फळा मेकॅनिकला. त्याचा मुलगा घरी अभ्यास करतो.

बुद्धिबळाचा पट ड्रायव्हरकाकांना, एक उंट कमी आहे, त्याच्या जागी ते बाटलीचं बूच ठेवतात. मी द्यायला गेले तर दार उघडलं नाही. मेकॅनिककडे ठेवते आहे. त्याच्या हातून घेतील.

नंबर तपासायच्या काचांची माझी पेटी कारागीरकाकांना. ते विचारतील मी रजेवर का जाते आहे. कोणी काही समजावू नये.

दाराच्या आतला नियमांचा कागद मी अलगद काढायला गेले, पण डिंक धरून बसला होता, खालचा कोपरा फाटला. सात दिवसांचा नियम शाबूत आहे. तो तुला.

रजिस्टर तुला. कोर्टाने बाद करून परत दिलं. तुझा लाल पेन्सिलचा तुकडा टेबलाच्या खणात अजून होता. मी बसून चौदाही जागी रेघा ओढल्या, आणि पंधरावी तेवीस जानेवारीला. हात थरथरला का, ते तू बघशील. त्याचा आता कोणाला उपयोग नाही. पण जे उरलं आहे ते तरी सगळं खरं आहे, तू कोणालाही दाखवू शकशील.

शिट्टीची काच, कडेला उडालेली, मी ठेवून घेते. ती कुठल्याच फ्रेममध्ये बसणार नाही. ती कोणी मागू नये.

निळ्या डबीतला चष्मा शिट्टीला. भेटीचा दिवस रविवार, दहा ते बारा, फाटकावर तुझं नाव सांग. तिला डाव्या कानामागे काडी टोचते, थोडी बाहेरच्या बाजूला वाकवून दे. गरम पाण्यात धरलीस तर वाकेल, नुसती वाकवू नकोस, मोडते. नाकावर पुढे सरकत असेल तर पॅड आत दाब. मग तिला खिडकीशी उभं कर आणि समोर काय काय दिसतं ते विचार. विटा दिसल्या पाहिजेत. नाही दिसल्या तर नंबर बदलला आहे, तो लिहून घे आणि तुझ्या शहरात कोणाकडूनही करून घे, मला कळवायची गरज नाही.

कोणी पाठवला असं ती विचारेल. माझं नाव सांगितलंस तर घालणार नाही. दुकानातून आला, असं सांगू नकोस. तू खोटं सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे आणि या खेपेला मी तुला सांगायलाही लावणार नाही. तिने विचारायच्या आत तिच्या नाकावर ठेव.

तुझी
ताई